गाडीच्या पोटाखालचा वारा

दुर्भाटला झुआरीच्या काठी आमची फायबरच्या होड्यांची शेड आहे. होडीचा तळ तिला पाण्यावर उचलून धरतो, आमचं सगळं काम त्याच दिशेचं. कॉलेजची मुलं आली ती नेमकं उलटं मागणं घेऊन. कोईमतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर विद्यार्थ्यांची फॉर्म्युला भारत स्पर्धा होते, तिच्यासाठी त्यांनी शर्यतीची गाडी बांधली होती आणि तिला रस्त्यावर दाबून धरणारा तळ हवा होता.

तसा तळ मधे जमिनीच्या अगदी जवळ असतो आणि मागे हळूहळू वर चढतो. चिंचोळ्या जागेतून हवा जोरात पळते, तिथला दाब घटतो आणि वरची हवा गाडीला खाली रेटते. वजन न वाढता चाकांची पकड वाढते. ग्राउंड इफेक्ट म्हणतात तो हाच. मोल्ड म्हणजे साचा, जेलकोट म्हणजे बाहेरचा गुळगुळीत थर, मॅट म्हणजे काचेच्या तंतूंची चटई आणि ती भिजवायचं रेझिन, हे सगळं आमच्या हातातलं काम. तळ वेळेत झाला, गाडीला बसलाही.

रविवारी सकाळी कॉलेजच्या मागच्या सरळ रस्त्यावर चाचणी होती. तळाखालून वारा कसा वाहतो ते दिसावं म्हणून मुलांनी तळाच्या खालच्या अंगाला हिरव्या लोकरीचे बोटभर तुकडे टेपने रांगेत चिकटवले आणि मागे खाली मोबाइल बांधला. गाडी एकदा जाऊन आली आणि आम्ही सगळे त्या एवढ्याशा पडद्यावर वाकलो. पुढचे दोरे ताठ, सगळे मागच्या दिशेला. मधल्या चिंचोळ्या भागातही तसेच. पण जिथून तळ वर चढायला लागतो तिथे उजवीकडचे दोरे सैरभैर फडफडत होते आणि शेवटच्या रांगेतल्या दोघांची तोंडं चक्क पुढे वळलेली. आमचे मेस्त आयुष्यभर होड्या करत आले, एरोडायनॅमिक्स हा शब्दही त्यांनी ऐकलेला नाही. ते लगेच म्हणाले, "वारो थंय अडकता."

अडकत होता तो सायलेन्सरपाशी. मुलांच्याच ड्रॉइंगप्रमाणे सायलेन्सरसाठी तळाला उजवीकडे खाच ठेवली होती. पाइप आणि त्याचा ब्रॅकेट हवेच्या वाटेतच येत होते.

"काका, वेल्डिंग झालंय. आता सायलेन्सर हलणार नाही," इंजिनवाला मुलगा म्हणाला. तळाचं काम बघणारी मुलगी ऐकेना. तिने लॅपटॉपवर लोटस ७९ उघडली. लोटस संघाची फॉर्म्युला वन शर्यतीची काळी-सोनेरी, १९७८ची गाडी.

त्या मुलीने जे सांगितलं ते मी नंतरही पुष्कळ वाचलं, कारण मला ते आपल्या धंद्यातलं वाटलं. आधीची लोटस ७८ बनत असताना लंडनच्या इंपिरियल कॉलेजच्या विंड टनेलमध्ये, म्हणजे मॉडेलवर वारा सोडून पाहतात त्या बोगद्यात, लोटसचे एरोडायनॅमिक्स बघणारे पीटर राइट यांना मॉडेलचे आकडे दर वेळी वेगळे यायला लागले. पाहतात तर मॉडेलच्या बाजूच्या पेट्या खाली लोंबत होत्या आणि कडा जमिनीजवळ गेली की गाडीला खाली रेटणारा जोर वाढत होता. मग कडेला पुठ्ठ्याच्या पट्ट्या लावून फट बुजवली, तर तो जोर एकदम कितीतरी वाढला. एखाद्याने मॉडेल दुरुस्त करून विषय संपवला असता. त्यांनी तो धागा सोडला नाही.

तरीही ७८मध्ये एक उणीव राहिली. खाली खेचणारी ओढ गाडीच्या फार पुढच्या भागात पडायची, म्हणून तोल साधायला मागे मोठा पंख लावावा लागे आणि सरळ रस्त्यावर तो गाडीला मागे खेची. ७९ करताना लोटसचे संस्थापक कॉलिन चॅपमन यांच्या माणसांनी हवेची वाट थेट शेवटपर्यंत मोकळी केली. दोन्ही बाजूंच्या पेट्रोलच्या टाक्या काढून ड्रायव्हरच्या पाठीमागे एकच टाकी बसवली. मागचे स्प्रिंग आणि डॅम्पर आत ओढून घेतले, एक्झॉस्ट, म्हणजे धुराचा पाइप, वर घेतला. कडेला वर-खाली सरकणाऱ्या पट्ट्या, म्हणजे स्कर्ट, लावले, म्हणजे फट राहत नाही. इंजिन मात्र तेच, कॉसवर्थ कंपनीचं डीएफव्ही, जे त्या काळी मैदानातल्या अर्ध्याअधिक गाड्यांत होतं. मला सगळ्यात मोठी गोष्ट ही वाटते. ताकद सारखीच असूनही विश्वविजेतेपदाच्या तिच्या पहिल्याच शर्यतीत, बेल्जियममध्ये झोल्डरला, लोटसचे ड्रायव्हर मारिओ आंद्रेती जिंकले. त्या मोसमात ७९ने सहा शर्यती मारल्या. आंद्रेती विश्वविजेते झाले आणि लोटस संघही. त्यांचे सहकारी रॉनी पीटरसन यांची ७९ इटलीत माँझाला शर्यतीआधीच्या सरावात मोडली. ते जुन्या ७८मधून उतरले, सुरुवातीलाच अपघात झाला आणि दुसऱ्या दिवशी ते गेले. हे सांगताना मुलीचा आवाज बदलला, आणि मग कुणीच काही बोललं नाही.

इंजिनवाल्या मुलाने फोटोतल्या गाडीची मागची बाजू मोठी करून पाहिली. बराच वेळ पाहिली. मीही माझ्या अंगाने सांगितलं, की पॉलिस्टर रेझिन उष्णतेला नरम पडतं, सायलेन्सर तळाला इतका खेटून ठेवलास तर कोईमतूरला पोचेपर्यंत कड वाकेल. तो उठला आणि ग्राइंडर मागितला.

पाइप कापून वरून फिरवायला त्यांना दुपार झाली. तोवर मेस्त आणि मी खाच बुजवत होतो. कडा ग्राइंडरने उतरत्या केल्या, खालून मेण लावलेला प्लाय धरला, आधी जेलकोट, मग मॅटचे थर. थर चढवताना हवेचा एक बुडबुडाही राहू द्यायचा नसतो. रोलर कोपऱ्यात पोचत नाही तिथे मेस्त ब्रशच्या टोकाने टोचून टोचून रेझिन मुरवतात, घाई म्हणून नाही करत. हार्डनर थोडा जास्त घातला, तळ उन्हात ठेवला.

संध्याकाळच्या फेरीत उजवीकडचे दोरे सरळ मागे ताठ झाले, डावीकडच्यांसारखेच. दोन्ही बाजूंना कडेजवळचे तेवढे अजून वळवळत होते. होडीच्या कठड्याला लावतो ती रबरी पट्टी मी माझ्या गाडीतून काढून तळाच्या कडांना टेपने चिकटवली, निव्वळ पाहण्यासाठी, आणि पुढच्या फेरीत तेही शांत झाले. लोटससारख्या स्कर्टवर फॉर्म्युला वनमध्ये १९८१पासून बंदी आली, १९८३ला तर तळच सपाट करावा लागला. आपल्या स्पर्धेत पट्टी कितपत चालते हे पाहायला त्या मुलीने तिथेच नियमावली काढली. इंजिनवाला मुलगा मागच्या कव्हरला पाइपसाठी नवं भोक कुठे पाडायचं ते खडूने आखत होता. ते काम सोमवारवर गेलं.