वहाळातलं स्फुरद: सांडपाणी केंद्र आणि शेतकरी यांच्या कराराचा अनुभव

गावाचं सांडपाणी केंद्र आणि वहाळाच्या (ओढ्याच्या) वरच्या अंगाचे शेतकरी यांनी मिळून खाडीकडे जाणारं स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, कमी करायचं, असं हे काम. मी त्यात पहिल्या मोजणीपासून आहे. कोकणात असं काही करू पाहणाऱ्यांना उपयोगी पडेल ते इथे लिहितो.

कल्पना अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातली. तिथे 2010 च्या नियमाने नद्यांना लिटरमागे 0.1 आणि लहान प्रवाहांना 0.075 मिलिग्रॅम फॉस्फरसची मर्यादा घातली. त्याचबरोबर केंद्रात महागडी यंत्रं बसवण्याऐवजी पाणलोटातल्या शेतांवर पैसा खर्च करायची वाटही मोकळी ठेवली. मॅडिसनच्या सांडपाणी मंडळाने यहारा खोऱ्यात 2012 मध्ये याच वाटेने प्रयोग सुरू केला. ही पद्धत जशीच्या तशी इकडे आणली की पहिला घोळ ऋतूंचा होतो.

केंद्रातून स्फुरद बारा महिने येतं. दहा लाख लिटर पाण्यात लिटरमागे 1 मिलिग्रॅम असेल तर रोज 1 किलो, 4 मिलिग्रॅम असेल तर 4 किलो. डिसेंबरनंतर वहाळ आटतो आणि वनराई बंधाऱ्यामागे (मातीच्या पोत्यांच्या तात्पुरत्या बांधामागे) तुंबतं ते बहुतेक हेच पाणी. मार्चमध्ये स्फुरदावर शेवाळ वाढून ते हिरवंगार होतं. शेतातलं स्फुरद मात्र पावसाळ्यातच निघतं, आणि त्यातही मोठा वाटा पहिल्या जोराच्या सरींचा. जूनमध्ये वरकसावर (डोंगरउताराच्या जमिनीवर) वाचवलेला किलो मार्चमधल्या हिरव्या पाण्याच्या कामाचा नाही. म्हणून दोन वह्या ठेवा, एक उन्हाळी आणि एक पावसाळी. एकीतली बचत दुसरीत वळती करू नका. याबाबत मी कुणाचं ऐकून घेत नाही.

उन्हाळी वहीत मुख्य काम एकच: केंद्राचं पाणी वहाळात न सोडता माड-पोफळींना देणं. ठिबकने माडाला दिवसाला 40 लिटर धरले तर 1 लाख लिटरला अडीच हजार माड लागतात, म्हणजे सगळं पाणी बागांत जिरेल असं समजू नका. ठिबकच्या आधी वाळूची गाळणी हवीच, आणि ती रोज उलट्या पाण्याने धुवावी लागते. दोन दिवस चुकलं की शेवाळाने तोट्या बुजतात. पालेभाजीला हे पाणी देऊ नये. उरलेल्या पाण्याला तुरटी. 1 किलो फॉस्फरस खाली बसवायला कागदावर साधारण साडेनऊ किलो तुरटी लागते, प्रत्यक्षात त्याच्या दुपटीच्या आसपास जाते, आणि गाळही वाढतो. त्या गाळातलं स्फुरद ॲल्युमिनियमने धरलेलं असतं. आपल्या आंबट जांभ्या मातीत ते पिकाला आणखीच कमी मिळतं, तेव्हा गाळखताची किंमत ठरवताना त्यातलं सगळं स्फुरद मोजून शेतकऱ्याला फसवू नका.

पावसाळी वही चिखलाची आहे. जांभ्या मातीतलं लोह आणि ॲल्युमिनियम स्फुरदाला घट्ट धरून ठेवतं, त्यामुळे ते पाण्यात विरघळून कमी जातं, मातीच्या कणावर बसून जास्त जातं. चिखल अडवला की काम झालं.

मोजणीला नमुना हवा तो पहिल्या जोराच्या सरींच्या पाण्याचा. पावसाची सर रात्री दोनला येते, त्या वेळी वहाळावर बाटली घेऊन कोणी उभं नसतं. रस्त्याखालच्या मोरीच्या भिंतीला लोखंडी अँगल ठोकून त्यावर 30, 60 आणि 90 सेंटिमीटर उंचीवर बाटल्या बांधल्या. प्रत्येक बुचातून दोन वाकड्या नळ्या, एकीतून पाणी आत आणि दुसरीतून हवा बाहेर. पाणी चढत जाईल तशी एकेक बाटली आपोआप भरते. पानं अडकू नयेत म्हणून तोंडाला मच्छरदाणीची जाळी. बाटल्या साबणाच्या पावडरीने धुतल्या तर आकडे खोटे येतात, कारण पावडरीत फॉस्फेट असू शकतं. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल आणि मग शुद्ध पाणी, एवढंच वापरा. विरघळलेलं स्फुरद मोजायचं असेल तर नमुना हाती येताच 0.45 मायक्रॉनच्या गाळणीतून काढा. एकूण स्फुरदाचा नमुना न गाळता गंधकाम्ल घालून ठेवा.

मातीची तपासणी ब्रे पद्धतीने मागा, ती आंबट मातीसाठीची. ओल्सन पद्धत उदासीन आणि चुनखडीच्या मातीसाठी आहे. आणखी एक गोंधळ खताच्या पोत्याचा. डीएपीच्या पोत्यावरचे 46 टक्के म्हणजे फॉस्फरस पेंटॉक्साइड. प्रयोगशाळा शुद्ध फॉस्फरस सांगते. पोत्यावरच्या आकड्याला 0.44 ने गुणा. 50 किलोच्या पोत्यात खरा फॉस्फरस 10 किलोच. हे न सांगता घेतलेल्या बैठकीत केंद्राचे अभियंते आणि शेतकरी तासभर वेगवेगळ्या गोष्टींवर बोलत बसतात.

भातात फायदा मिळाला तो युरिया-डीएपी ब्रिकेटचा, म्हणजे दाबून केलेल्या खताच्या गोळ्यांचा. चारसूत्री लावणीत (ठरलेल्या अंतरावर चुडांचे चौकोन करून) चार चुडांच्या मधोमध 2.7 ग्रॅमची एक गोळी, 7 ते 10 सेंटिमीटर खोल. गुंठ्याला 625 गोळ्या, म्हणजे पावणेदोन किलोच्या आत. उभ्या पाण्यावर डीएपी फेकला आणि रात्री पाऊस पडला तर खत बांधावरून जातं. गोळी चिखलात राहते. लावणीच्या दिवशीच खोचा, चिखल आवळला की बोटं दुखतात आणि गोळी वर राहते. उघड्या पोत्यातल्या गोळ्या दमट हवेने दोन दिवसांत भुसभुशीत होतात, म्हणून लागतील तेवढ्याच पिशव्या फोडा. चिखलणीनंतर खाचराचं तोंड किमान एक दिवस बंद ठेवा, गाळ बसू द्या.

सगळ्यात जास्त चिखल भातातून येत नाही. एप्रिल-मेमध्ये जेसीबीने डोंगर कापून केलेल्या नव्या कलमांच्या पायऱ्यांवरून येतो. तिथे खालच्या कडेला जांभ्याचा गडगा (दगडी बांध), त्याच्या वरच्या अंगाला चर, आणि उतारावर आडवं वाळ्याचं गवत, फुटवे वीतभर अंतरावर. वाळा पहिल्या पावसात धरत नाही, पहिल्या वर्षी भरवसा गडग्यावरच.

करार करताना सातबारा अडवतो. जमीन सामाईक, अर्धे हिस्सेदार मुंबईत. सह्या शिमग्याला चाकरमानी घरी येतात तेव्हाच घ्या, गणपतीपर्यंत थांबलात तर तो पावसाळा गेला. केंद्राचे पैसे कसणाऱ्याच्या हातात पडले पाहिजेत: निम्मे मिरगाआधी गडगा-चर बघून, निम्मे ऑक्टोबरात चरात साठलेला गाळ मोजून. तो गाळ त्याच शेतात परत टाकायचा, हे करारात लिहा. नाहीतर चर भरलेलाच राहतो आणि पुढच्या जूनला पाणी त्याच्यावरून जातं. वनराई बंधाऱ्याची मातीने भरलेली पोतीही मिरगाआधी काठावर काढून घ्या, ती फुटली की चिखल थेट वहाळात.