स्टेशनच्या मागच्या बाजूचा फोटो

मी प्रॉडक्ट फोटोग्राफी करतो, म्हणजे घड्याळं, दागिने, मशीनचे सुटे पार्ट, सगळं छोटं सामान. मध्यंतरी एका रिटायर्ड काकांचं काम आलं ते मात्र पार वेगळं होतं. काकांनी कित्येक वर्षं खपून एका खोलीत एचओ स्केलचा रेल्वे लेआउट, म्हणजे रेल्वेची छोटी प्रतिकृती, उभा केलेला, डोंगर, दोन बोगदे, लोखंडी पूल, यार्ड आणि मधोमध एक छोटं स्टेशन. आता लहान घरात जायचं होतं आणि तिथे हे मावणार नव्हतं, म्हणून मोडायच्या आधी नीट फोटो हवे होते. फोनवरच म्हणाले, "खेळण्याचे फोटो नकोत हं, रेल्वेचे हवेत." इतकं स्पष्ट सांगणारा क्लायंट क्वचितच मिळतो.

एचओ म्हणजे १:८७, खऱ्याच्या ८७ पट लहान, दोन रुळांमधलं अंतर १६.५ मिलिमीटर. फोटो खेळण्यासारखा का येतो त्याचं पहिलं कारण ह्या आकड्यातच आहे. माणसाच्या डोळ्याची उंची १.६ मीटर धरा, भागिले ८७, की आले साधारण १८ मिलिमीटर. तिथल्या प्लॅटफॉर्मवर उभा असलेला माणूस जग एवढ्या उंचीवरून बघतो. आपण कॅमेरा ३० सेंटीमीटर वर धरला तरी त्याच्या हिशोबाने आपण २६ मीटरवर असतो, म्हणजे आठव्या मजल्याच्या गच्चीवर, मग इंजिनाचं टप दिसणार नाहीतर काय दिसणार? म्हणून कॅमेरा खाली, जमेल तितका खाली. माझ्या लेन्सचाच घेर एवढा की मध्य १८ मिलिमीटरवर येतच नाही, मग जिथे कॅमेरा बसेना तिथे सरळ फोन उलटा करून ठेवला. फोनची लेन्स वरच्या कोपऱ्यात असते, उलटा केला की ती जवळजवळ जमिनीला टेकते.

दुसरी गोष्ट उजेड. खोलीत छताला ओळीने ट्यूबलाइट होत्या, त्यामुळे प्रत्येक खांबाला तीन-तीन फिक्या सावल्या पडत होत्या. जगात सूर्य एकच आहे. सगळं बंद केलं आणि एकच छोटा एलईडी स्पॉट उंच स्टँडवर, शक्य तितका लांब लावला. लांब अशासाठी की दिवा जवळ असला तर सावल्या पंख्यासारख्या पसरतात आणि पुढचा डबा लख्ख, मागचा अंधारात जातो. उजेड पसरवून मऊ करणारा सॉफ्टबॉक्स मी बॅगेतून काढलाच नाही. आकाशातला सूर्य आपल्याला जेमतेम अर्धा अंश रुंद दिसतो, तीन मीटरवरून तेवढं दिसायला दिवा पावणेतीन सेंटीमीटरचा लागतो, त्याजागी मोठा सॉफ्टबॉक्स आणला की कडक दुपार जाऊन ढगाळ दिवस होतो. सावलीतला काळोख थोडा उठवायला समोरून पांढरा थर्माकोल धरला, बास. राखाडी ग्रे कार्ड ठेवून व्हाइट बॅलन्सही, म्हणजे रंग खरे दिसायची सेटिंग, एकदाच फिक्स केला.

मग साफसफाई, आणि ह्यातच सगळ्यात जास्त वेळ गेला. डोळ्याला लेआउट स्वच्छ दिसत होता पण स्क्रीनवर झूम केलं की कळतं. माणसाचा एक केस साधारण ०.०७ मिलिमीटर जाड असतो, ८७ पट केला की सहा मिलिमीटरची दोरी होते! अशा दोऱ्या डब्याच्या टपावर पडलेल्या कशा चालतील? मऊ ब्रश, ब्लोअर आणि चिमटा घेऊन आम्ही दोघं बसलो, स्लीपरवर चढलेली खडी खाली ढकलली, प्रत्येक चाक रुळावर बसलंय ना ते टॉर्च मारून बघितलं, कारण अर्धा मिलिमीटर वर राहिलेलं चाक फोटोत लगेच उघडं पडतं.

फोकसचं गणित अजून कडक आहे. फुल फ्रेम कॅमेरा, ५० एमएम लेन्स, ४० सेंटीमीटरवरून एफ १६ ला काढा (एफचा आकडा मोठा तेवढं लेन्सचं छिद्र बारीक आणि शार्प भाग जास्त), शार्प पट्टा मिळतो पाचेक सेंटीमीटरचा, आणि एचओचा लांब पॅसेंजर डबाच २५-३० सेंटीमीटरचा असतो. एफ २२ च्या पुढे गेलं तर डिफ्रॅक्शनमुळे, म्हणजे बारीक छिद्रातून उजेड फाकल्यामुळे, सगळंच मऊ पडतं. म्हणून एफ ८ ठेवून फोकस स्टॅकिंग केलं, पुढच्या रुळापासून मागच्या डोंगरापर्यंत फोकस थोडा थोडा सरकवत फ्रेम घेत जायच्या आणि नंतर सॉफ्टवेअरने त्यातला शार्प भाग तेवढा जोडायचा. फोकस सरकला की चित्राचा आकारही किंचित बदलतो म्हणून कडेला जागा सोडावी लागते, आणि सिरीज चालू असताना काहीही हलता कामा नये, काका तर श्वाससुद्धा दबकत घेत होते. मागच्या पडद्यावर रंगवलेल्या आकाशापर्यंत मी फोकस नेला नाही. ते थोडं धूसर राहिलं की लांब वाटतं, नाहीतर ब्रशचे फटकारे मोजता येतात.

फ्रेम कॉपी होत असताना काकांनी जॉन अ‍ॅलनचा विषय काढला. कॅलिफोर्नियात मॉन्टेरेला राहणारा हा माणूस स्वतः प्रोफेशनल फोटोग्राफर होता, त्याचा गोरी अँड डिफीटेड नावाचा लेआउट ह्या छंदातल्या लोकांना अजून माहीत आहे. १९७३ च्या जानेवारीत तो गेला आणि काही दिवसांतच घराला लागलेल्या आगीत लेआउटचा बराचसा भाग नष्ट झाला. आज लोक तो बघतात ते मुख्यतः त्यानेच काढलेल्या फोटोंत. काका हे अगदी शांतपणे सांगत होते पण मी त्यानंतर प्रत्येक फ्रेम दोनदा तपासायला लागलो.

आणि मग ते म्हणाले, "स्टेशनची मागची बाजू घ्याल का?" लेआउट भिंतीला लागून, स्टेशनचं तोंड भिंतीकडे, म्हणजे आपल्याला दिसते ती त्याची पाठ, आणि प्लॅटफॉर्म पलीकडे. तिथे काकांनी बाकडी, घड्याळ, तिकीट खिडकी, सामान घेऊन बसलेलं कुटुंब, सगळं केलेलं होतं, आणि जागेवर चिकटवल्यापासून ते त्यांनी स्वतःसुद्धा परत बघितलं नव्हतं. भिंत आणि स्टेशनच्या मधल्या फटीत फक्त उलटा फोन जात होता. अडचण अशी की तिथून कॅमेरा खोलीकडे बघणार, म्हणजे स्टेशनच्या वर आणि बाजूला कपाट आणि दरवाजा. फिकट निळा माउंट बोर्ड आणला, लेआउटच्या पुढच्या कडेला क्लॅम्प केला आणि त्याच्या खालच्या कडेपुढे डोंगरावरची सुटी झाडं आणून लावली, क्षितिजाची रेघ लेन्सच्या उंचीवरच यायला हवी होती, ती झाडांनी झाकली. स्पॉट फिरवून ऊन तिरपं प्लॅटफॉर्मवर आणलं. शटर ब्लूटूथ रिमोटने.

लॅपटॉपवर फोटो उघडला आणि काका खुर्ची ओढून बराच वेळ बघत बसले. म्हणाले, "ही बाई कडेवरच्या पोराला गाडी दाखवतेय, मी तसंच बसवलं होतं, विसरूनच गेलो होतो." माझ्या आतापर्यंतच्या कामातला हा फोटो मला सगळ्यात जवळचा आहे हे मी अजिबात न लाजता सांगतो.

शेवटी रेकॉर्डचे फोटो घेतले. लांब फोकल लेंग्थ, कॅमेरा बरोबर डोक्यावर, प्रत्येक फ्रेम शेजारच्या फ्रेमवर थोडी चढलेली आणि प्रत्येकीत स्टीलची मोजपट्टी. खालचं वायरिंगही घेतलं. दिसायला रटाळ फोटो, पण असं काम कोणी करून घेणार असेल तर हे सोडूच नका. काकांनी नंतर त्या पट्टीवरूनच माप काढलं, स्टेशनचा १ मीटर २० सेंटीमीटरचा तुकडा कापून ते नव्या घरी नेतायत, आणि ह्यावेळी प्लॅटफॉर्म बघणाऱ्याच्या बाजूला.