मेंढपाळाची दया

"ताई, सगळं आधीच ठरलेलं आहे, तर मी नक्की करायचं काय?"

इडिपसची भूमिका करणाऱ्या मुलाने तालीम मध्येच थांबवून हे विचारलं. त्याची अडचण खरी होती. नटाला प्रवेशात काहीतरी हवं असावं लागतं आणि ते मिळवायला धडपडावं लागतं. इथे तर 'बापाला मारशील, आईशी लग्न करशील' हे भाकीत नाटक सुरू होण्याच्या कितीतरी वर्षं आधीच खरं होऊन बसलेलं. मग नाटकभर या माणसाने फक्त खड्ड्यापर्यंत चालत जायचं?

प्राचीन ग्रीक नाटककार सोफोक्लीसच्या 'राजा इडिपस' या नाटकाला 'नियतीची शोकांतिका' म्हणून मोकळं व्हायची पद्धत आहे. मला ती मान्य नाही. हे नाटक बसवायला घेतलं तेही त्यामुळेच. मी त्याला म्हटलं, "तुला कुणी थांबवायला बघतं अशा प्रत्येक जागी पेन्सिलीने खूण कर."

त्याने खुणा केल्या. अपोलो देवाचा कौल घेऊन डेल्फीच्या देवळातून परतलेला मेहुणा क्रेऑन विचारतो, इथेच बोलू की आत जाऊन? इडिपस म्हणतो, सगळ्यांदेखत बोल. आंधळा द्रष्टा टायरेसियस म्हणतो, मला घरी जाऊ दे, त्यातच दोघांचं भलं आहे. इडिपस त्याच्यावर नाही नाही ते आरोप करून त्याला बोलायला भाग पाडतो. सगळं उमगलेली योकास्टा, त्याची राणी आणि खरं तर आई, विनवते, जिवाची पर्वा असेल तर हा शोध थांबव. आणि शेवटी म्हातारा मेंढपाळ: देवाशपथ मालक, आणखी विचारू नका. त्याचे तर इडिपस हात पिरगाळायला सांगतो.

अपोलोने यातलं काहीही करायला सांगितलेलं नाही. आधीचा राजा लायस (इडिपसचा खरा बाप) याचा खुनी शोधा, त्याला हाकला किंवा मारा, म्हणजे इडिपसच्या थीब्ज नगरातली साथ हटेल, एवढाच डेल्फीचा आदेश. मेंढपाळाला बोलावणं जातं तेसुद्धा त्या खुनाचा एकमेव जिवंत साक्षीदार म्हणून. मारेकरी एक होता की अनेक, हे त्याला विचारायचं असतं. पण तो येण्याआधी कॉरिंथचा दूत सांगून टाकतो की तुला वाढवणारा तिथला राजा पॉलिबस तुझा जन्मदाता नव्हता, तान्हेपणी एका मेंढपाळाने तुला माझ्या हाती दिलं; तो मेंढपाळ हाच निघतो, आणि इडिपसचा प्रश्नच बदलतो. आता त्याला 'मी कुणाचा' हे हवं आहे. म्हातारा समोर उभा राहतो तेव्हा खुनाबद्दल त्याला एक अक्षरही विचारलं जात नाही! आम्ही संहिता पुन्हा पुन्हा चाळली. खरंच नाही विचारलं जात. हा प्रश्न कुठल्याही देवाने त्याच्या तोंडी घातलेला नाही.

"हे तुझं काम," मी त्याला म्हटलं. "तुला कळून घ्यायचंय. काय किंमत पडणार ते दिसत असताना."

मेंढपाळाचा प्रवेश घ्यायला बसलो, पण ती भूमिका करणारे गृहस्थ तापामुळे आलेले नव्हते. योकास्टा करणाऱ्या बाई आमच्यात सगळ्यांत अनुभवी. त्या म्हणाल्या, "माझी एक्झिट झालीये ना, मी वाचते गं त्याचं."

सोफोक्लीसच्या काळी बोलणारे नट तीनच असत. नटांची संख्या तीनवर त्यानेच नेली, असं ॲरिस्टॉटल सांगतो. या नाटकात इडिपस, योकास्टा आणि कॉरिंथचा दूत एकत्र मंचावर असतात. योकास्टा निघून जाते, उरलेले दोघं तिथेच थांबतात आणि मेंढपाळ येतो. म्हणजे मुखवटा बदलून मेंढपाळ व्हायला योकास्टा करणाराच नट मोकळा होता. शोध थांबव म्हणणारा तोच आवाज अथेन्सच्या प्रेक्षकांनी दोनदा ऐकला असणार. हा हिशेब मला वाचून ठाऊक होता, कानांनी मी तो त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

"कुणी दिलं तुला ते मूल?"

"तिनेच, महाराज."

बाईंच्या तोंडून हे आलं आणि इडिपस करणारा मुलगा पुढचं वाक्य विसरला. घोटे जखडलेलं, तीन दिवसांचंही न झालेलं मूल डोंगरावर टाकायला देणारी योकास्टा आणि ते न टाकणारा मेंढपाळ, दोघांची साक्ष एकाच गळ्यातून येत होती. मी त्याला वाक्य सांगितलं. मग कॉरिंथच्या माणसाला का दिलंस? उत्तर आलं, "दया आली, मालक. वाटलं, हा त्याला दूर आपल्या मुलखात घेऊन जाईल."

बाईंनी कागद खाली केला. "अगं, याने सांगितलेलं काम केलं असतं, तर पुढचं काहीच घडलं नसतं."

त्या दिवशी तालीम पुढे सरकलीच नाही, आणि मला ती सरकवायचीही नव्हती. लायसने भाकीत टाळायला मूल मारायचं ठरवलं. मेंढपाळाने दयेपोटी ते वाचवलं. मोठा झालेला इडिपस आपल्या हातून आईबापांचं वाईट होऊ नये म्हणून कॉरिंथ सोडून निघाला आणि तिठ्यावर लायससमोर येऊन ठेपला. तिन्ही निर्णय माणसांचे, त्यातले शेवटचे दोन तर चांगुलपणाचे. नियतीला दुष्टपणाची गरजच पडलेली नाही. ही या नाटकातली सगळ्यांत भयंकर गोष्ट आहे आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं.

कुणीतरी 'वेणीसंहार' या संस्कृत नाटकातल्या कर्णाची ओळ काढली: दैवायत्तं कुले जन्म मदायत्तं तु पौरुषम्. ओळ भव्यच आहे. जन्म दैवाच्या वाट्याला, पराक्रम माझ्या; मध्ये स्पष्ट रेघ. पण इडिपसला ती रेघ ओढता येत नाही. त्याने थीब्जला छळणाऱ्या स्फिंक्स या राक्षसिणीचं कोडं सोडवलं ते स्वतःच्या बुद्धीने, आणि त्याच पराक्रमाच्या बक्षिसात राज्य आणि राणी मिळाली. त्याचं पौरुषच दैवाच्या कामी आलं.

मग त्याच्याकडे स्वतःचं म्हणून काय उरतं? त्यासाठी आम्ही शेवटाकडे गेलो. होमरच्या 'ओडिसी'तही ही कथा थोडक्यात येते. तिथे सत्य उघड झाल्यावर आई गळफास घेते, पण इडिपस दुःख भोगत थीब्जवर राज्य करत राहतो; डोळे फोडून घेतल्याचा उल्लेख तिथे नाही. सोफोक्लीसच्या आधीचा नाटककार एस्किलस याच्या इ.स.पू. 467 च्या नाटकात लायसला अपोलोने निपुत्रिक राहायला बजावलेलं होतं आणि त्याने ते मोडलं, म्हणजे शिक्षेला कारण तरी होतं. सोफोक्लीस ते कारण काढून टाकतो. आणि आंधळ्या इडिपसला कोरस, म्हणजे नाटकातला नागरिकांचा समूह, विचारतो, कुठल्या देवाने हे करायला लावलं? तो म्हणतो, माझी ही दुःखं पुरी करणारा अपोलो होता. पण डोळ्यांवर घाव घातला तो माझ्याच हाताने, दुसऱ्या कुणाच्या नाही.

मुलाने ही ओळ रडत म्हटली. मी म्हटलं, रडू नकोस, ही तक्रार नाही, हा हक्क सांगणं आहे. पुढच्या वेळी त्याने 'माझ्याच' या शब्दावर मान वर केली. तेव्हा मला त्याचा इडिपस दिसला.

पण त्याचं समाधान झालं नव्हतं. घरी जाऊन त्याने सोफोक्लीसचं शेवटचं नाटक वाचलं, कवीच्या मृत्यूनंतर इ.स.पू. 401 मध्ये रंगमंचावर आलेलं. दुसऱ्या दिवशी तो तावातावाने आला. "ताई, तिथे म्हातारा इडिपस उलटंच बोलतो. म्हणतो, मी केलं त्याहून माझ्यावर ओढवलं. बाप आहे हे माहीत नव्हतं, आणि तो मला मारत होता. मग खरं काय?"

मी म्हटलं, दोन्ही. खून आणि लग्न यांचा दोष तो स्वीकारत नाही, आणि का स्वीकारावा? पहिल्या नाटकात तो आपलं म्हणतो ते फक्त डोळ्यांवरचा घाव, आणि माझ्या मते त्याआधीचा तो सगळा शोध. बाईंना हे पटत नाही. त्यांच्या मते म्हातारपणी तो स्वतःशी जरा दयेने वागायला शिकलाय, एवढंच. यावर आमचा वाद अजून चालू आहे. ताप उतरल्यावर आलेल्या गृहस्थांनी मात्र तो प्रवेश एकदा ऐकला, मेंढपाळ बाईंच्या हवाली केला आणि राजवाड्यातली बातमी सांगणारा सेवक स्वतःसाठी मागून घेतला.