टाक, दौत आणि मावळातली लावणी

जुलैत, ऐन भातलावणीत, शाईने लावणीची चित्रं काढायला पुणे-लोणावळा लोकलने मळवलीला उतरलो. एक्सप्रेसवेवरचा पूल ओलांडून भाजे गावाकडे चालू लागलं की भाताची खाचरं सुरू होतात. लोहगड-विसापूर ढगात बुडाले होते, ते बरंच झालं. डोंगर दिसला की आपण डोंगरच काढत बसतो आणि शेतातली माणसं कोपऱ्यात मुंग्यांएवढी उरतात.

पहिलं पान वाया गेलं. फाउंटन पेनमधली साधी शाई एका सरीत वाहून गेली. मग टाक (दौतीत बुडवायची निबाची लेखणी) आणि वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक काढली. (ही शाई फाउंटन पेनमध्ये भरू नका, आत वाळून पेन कायमचं चोंदतं.) दमट हवेत रेघ लवकर वाळत नाही. उजव्या हाताने काढणाऱ्याने डावीकडून वरून सुरुवात करावी, नाहीतर मनगटाने सगळं फरफटतं. कागद जाड आणि गुळगुळीत हवा. साधा कार्ट्रिज कागद ओल धरतो आणि शाई फुटते.

खाचरातलं पाणी रेघांनी भरायचा मोह आवरा. कागद कोरा ठेवायचा. पोटऱ्या जिथे चिखलात शिरतात तिथे एक आखूड आडवी रेघ मारली की पाणी आपोआप दिसतं. इरली, म्हणजे पानांची पावसाळी टोपरी, आता क्वचितच. बहुतेकींच्या डोक्यावर प्लास्टिकची खोळ. तिची चमकही कोरीच सोडायची. कमरेपासून मानेपर्यंतची पाठ मात्र एका दमात ओढा, तुटक रेघेने वाकलेलं माणूस उभं राहत नाही.

पाच बायकांची रांग काढून झाली, तेव्हा एक काकी बांधावर येऊन वाकून बघू लागल्या. "आरं, रोपं आमच्या मागं लावलीस व्हय? सगळी तुडवून जातील की!" डाव्या हातात रोपांची मूठ, उजव्याने दोन-तीन काड्या अंगठ्याने चिखलात खोचायच्या आणि एकेक पाऊल मागे सरकायचं. म्हणजे लावलेलं भात त्यांच्या पुढ्यात असतं. तासभर समोर बसूनही माझ्या ते डोक्यात शिरलं नव्हतं. शाई खोडता येत नाही. पान तसंच ठेवलंय.

शनिवार-रविवार टाळाच, धबधब्याच्या गर्दीने रस्ता तुंबतो. चित्र काढण्याआधी विचारा. नुकत्याच लिंपलेल्या बांधावर पाय देऊ नका. घडीचं स्टूल चिखलात रुततं, त्यापेक्षा प्लास्टिकची गोणी घेऊन दगडावर बसा. भाकरीची सुट्टी झाली की सगळ्या एका झाडाखाली बसतात. चेहरे काढायचे तर तीच वेळ.