तुम्ही विचारलंत म्हणून: स्वरांखाली मराठी शब्द का बसत नाहीत?

‘म्यूझस्कोरमध्ये चाल पटकन लिहून होते, पण खाली मराठी शब्द टाकायला घेतले की सगळं विस्कटतं. असं का होतं?’ म्यूझस्कोर म्हणजे संगणकावर स्वरलिपी लिहायचा प्रोग्रॅम. वृंदगान बसवणारे हे विचारतात, तसंच परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांत मुलांची गाणी बसवणारेही विचारतात. तिथली मुलं व्हायोलिन-पियानो शिकलेली असतात, स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेघांवरची पाश्चात्त्य स्वरलिपी, सरसर वाचतात. पण शब्द रोमन लिपीत दिले की ‘ळ’चा ‘ल’ होतो, ‘ण’चा ‘न’ होतो, आणि एकदा तोंडात बसलेला उच्चार मग सुटत नाही. म्हणून शब्द देवनागरीतच हवेत. ते नीट बसतात. फक्त कामाचा क्रम बदलावा लागतो.

आधी कीबोर्ड. रोमन अक्षरं टाइप करून मराठी उमटवणारे फोनेटिक कीबोर्ड इथे घात करतात. त्यात शब्द पक्का करायला स्पेस दाबावी लागते, आणि म्यूझस्कोरमध्ये स्पेस म्हणजे ‘पुढच्या स्वरावर जा’. एकाच कळीला दोन कामं पडली की अर्धा शब्द मागे राहतो, नाहीतर एक स्वर रिकामा सुटतो. इनस्क्रिप्ट या देवनागरीच्या प्रमाणित कीबोर्डमध्ये कळ दाबली की अक्षर थेट उमटतं, मधे काही नाही. इनस्क्रिप्ट येत नसेल तर शब्द आधी नोटपॅडमध्ये लिहा आणि तिथून चिकटवा. खरं तर येत असलं तरी मी हेच सुचवेन.

उलट बाजूचीही एक तक्रार असते: ‘एन दाबून स्वर लिहायला घेतले, पण ए, बी, सी दाबलं तरी काहीच उमटत नाही.’ प्रोग्रॅम बिघडलेला नसतो, कीबोर्ड मराठीवर राहिलेला असतो. इनस्क्रिप्टमध्ये ए ची कळ ओकाराची मात्रा देते आणि सी ची कळ ‘म’ देते. विंडोज आणि स्पेस एकत्र दाबून इंग्रजीवर या, स्वर उमटू लागतील.

आता शब्द तोडण्याचं. हे मुळातच चुकतं, कारण आपण अक्षरं मोजतो. मोजायचे असतात ते चालीतले स्वर. ‘वाऱ्यावरती’ हा शब्द घ्या. चालीत त्याला पाच स्वर असतील तर नोटपॅडमध्ये ‘वा-ऱ्या-व-र-ती’ असं लिहायचं. चारच असतील तर ‘वा-ऱ्या-वर-ती’, कारण बोलताना ‘वर’ एका झटक्यात येतं आणि त्या चालीत गातानाही तसंच येतं. ‘घर’ एका स्वरावर असेल तर अखंड ‘घर’, दोन स्वरांवर असेल तर ‘घ-र’. शेवटच्या ‘र’मधला ‘अ’ गायचा की नाही, हे चाल ठरवते, शुद्धलेखन नाही.

जोडाक्षर मात्र फोडू नका. ‘शब्द’ दोन स्वरांवर आला तर ‘श-ब्द’ लिहा. गायक ‘ब्’ पहिल्या स्वराच्या शेवटी मिटणार हे खरं, म्हणून काहीजण ‘शब्-द’ लिहितात. पण मराठी डोळा ‘ब्द’ एकसंध वाचतो, पाय मोडलेला ‘ब्’ दिसला की तो अडखळतो. मात्रेच्या आधी तर कधीच तोडायचं नाही. कुठे तुटक रेषेचं वर्तुळ दिसलं, तर मात्रा आपल्या व्यंजनापासून सुटली आहे असं समजा.

‘वाऱ्या’मधला तो डोळ्याच्या पापणीसारखा र इनस्क्रिप्टमध्ये असा येतो: शिफ्ट-जे, मग डी, मग तिरकी रेघ, मग ई. साधा जे वापरलात तर रफार येतो आणि शब्द ‘वार्या’ होतो. आचार्यांना आणि आचाऱ्यांना यातला फरक ज्याला कळतो, त्याला इथे हयगय करवणार नाही.

मजकूर तयार झाला की कॉपी करा, चालीतल्या पहिल्या स्वरावर टिचकी मारा, कंट्रोल-एल दाबा आणि कंट्रोल-व्ही. एकदा दाबून एकच अक्षर उतरलं, तर पुन्हा पुन्हा दाबत जा. हायफन आणि स्पेस पाहून प्रोग्रॅम स्वतःच पुढे सरकतो.

एक अक्षर अनेक स्वरांवर लांबतं तिथे लोक फसतात, आणि आपल्या गाण्यांत तर ते ओळीओळीला येतं. शब्दाच्या मधलं अक्षर लांबत असेल तर दर स्वरागणिक हायफन दाबायचा. शब्दाचं शेवटचं अक्षर लांबत असेल तर दर स्वरागणिक अंडरस्कोर. समजा ‘वाऱ्यावरती’तला ‘वा’ तीन स्वरांवर फिरतोय. ‘वा’ लिहून तीनदा हायफन दाबा, कर्सर चौथ्या स्वरावर येईल, तिथे ‘ऱ्या’. स्पेस दाबून पुढे गेलात तर प्रोग्रॅमच्या लेखी शब्द तिथेच संपतो आणि जोडरेघा गळतात. ‘ती’ लांबत असेल तर तिच्यापुढे अंडरस्कोर द्या. खाली आडवी रेघ ओढली जाते आणि ‘ती’ मध्यावरून सरकून स्वराच्या डाव्या कडेला लागते. ते तसंच असावं लागतं, हाताने परत मध्यावर आणू नका.

अंडरस्कोर म्हणजे शिफ्ट आणि हायफन. इनस्क्रिप्टमध्ये मात्र याच जोडीवर विसर्ग आहे. ‘ती’ची ‘तीः’ झालेली दिसली तर कारण हेच. म्हणून काम दोन फेऱ्यांत करा. पहिल्या फेरीत फक्त अक्षरं, दुसऱ्या फेरीत कीबोर्ड इंग्रजीवर ठेवून फक्त रेघा.

सगळं टाकून झालं आणि लक्षात आलं की अख्खं कडवं एका स्वराने पुढे सरकलंय, तर एकेक अक्षर खोडत बसू नका. टूल्स मेन्यूत शब्द क्लिपबोर्डवर घेण्याची आज्ञा आहे, ती द्या. मजकूर हायफनांसकट उचलला जातो. तो नोटपॅडमध्ये ठेवून द्या. मग एका अक्षरावर उजवी टिचकी, सिलेक्ट, सारखे सगळे घटक निवडा, डिलीट. आता बरोबर स्वरापासून पुन्हा चिकटवा. लांबणाऱ्या रेघा यात जातात, त्या दुसऱ्या फेरीत परत द्याव्या लागतील. मुखडा समेच्या आधी सुरू होत असेल तर पहिल्या मापात (मेझरमध्ये) विराम भरून वेळ मारून नेऊ नका. त्याऐवजी मापाच्या रिकाम्या जागी उजवी टिचकी मारून मेझर प्रॉपर्टीज उघडा आणि प्रत्यक्ष लांबी हवी तेवढीच ठेवा, समजा ३/८. शिवाय ते माप क्रमांकातून वगळा.

राहिला फॉन्ट. म्यूझस्कोर शब्दांसाठी मुळात एडविन हा फॉन्ट वापरतो आणि त्यात देवनागरी नाही. मग संगणक स्वतःच्या पसंतीचा फॉन्ट उसना घेतो, विंडोजवर वेगळा, मॅकवर वेगळा. अक्षरांची रुंदी बदलली की मापं सरकतात आणि तुमच्याकडे चार ओळींत बसलेलं पान दुसऱ्याकडे पाच ओळींचं होतं. फॉरमॅट, स्टाइल, टेक्स्ट स्टाइल्स इथे जाऊन फॉन्ट स्वतः ठरवा. शब्दांच्या शैली दोन असतात, विषम ओळींची आणि सम ओळींची. एकच बदललीत तर दुसरं कडवं वेगळ्याच वळणाचं दिसेल. मी तिरो देवनागरी मराठी सुचवते. त्यात ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे आहेत. तिथूनच लिरिक्सच्या पानावर जाऊन ओळींमधली उंची १०० टक्क्यांवरून १२० ते १३० करा, नाहीतर वरच्या कडव्यातले उकार खालच्या कडव्यातल्या रफारांवर आदळतात.

सिबेलियस किंवा डोरिको हे स्वरलिपीचे दुसरे प्रोग्रॅम वापरणाऱ्याला म्यूझिकएक्सएमएल फाइल द्या, ती या सगळ्या प्रोग्रॅमना वाचता येते. शब्द, त्यांची तोड आणि लांबणाऱ्या रेघा त्यातून जातात, फॉन्टची फाइल जात नाही. ती वेगळी पाठवा. गायकांना पीडीएफ पाठवत असाल तर आधी ॲक्रोबॅटमध्ये फाइलचे गुणधर्म उघडून फॉन्टच्या यादीत तुमच्या फॉन्टपुढे ‘एम्बेडेड’ (म्हणजे फॉन्ट फाइलमध्येच घातलेला) लिहिलंय का ते बघा, आणि एकदा फोनवर उघडून जोडाक्षरं तपासा.