तुम्ही विचारलंत म्हणून: ऑनलाइन व्याख्यानं का बंद केली

लग्नात भेटा, मिसळीच्या टेबलावर भेटा, नाहीतर कुणाच्या रक्षाविसर्जनाला. आमच्या धंद्यातला माणूस तिसऱ्या मिनिटाला विचारतोच, "कोविडच्या वर्षी तुमची संघटना काय जोरात होती हो! दर शनिवारी ऑनलाइन व्याख्यान. चांगलं चाललेलं बंद का केलंत?"

खाणींच्या भिंती आणि मातीचे ढिगारे का ढासळतात हे बघणाऱ्या मूठभर लोकांची आमची कोल्हापुरातली संघटना, आणि मी तिचा सचिव. आजवर या प्रश्नाला मी तीन उत्तरं दिली. वर्गणी येत नव्हती. वक्ते मिळेनात. लोक स्क्रीनला कंटाळले. तिन्ही खरी आहेत आणि तिन्ही टोलवाटोलवी.

जोरात होतो, हे आधी कबूल करतो. एरवी महिन्याच्या सभेला वीस डोकी, त्यातली निम्मी नंतरच्या वड्यासाठी. मे २०२० मध्ये खुल्या खाणींच्या उतारांवरची ऑस्ट्रेलियातल्या पर्थची आंतरराष्ट्रीय परिषद १२ ते १४ तारखेला ऑनलाइन झाली, तेव्हा आम्हालाही चेव चढला. पर्थ आपल्यापेक्षा अडीच तास पुढं. तिकडचे लोक कामाला लागायच्या वेळी इकडं आमचा पहिला चहा व्हायचा. मग आम्हीही शनिवार धरले. शंभरावर माणसं यायला लागली. चंदगडचा फोरमन, आजऱ्याचा ब्लास्टर, खाणींवरचे मेट म्हणजे मुकादम, जे कधी राजारामपुरीच्या हॉलची पायरी चढले नव्हते. त्या वर्षीच्या अहवालात मी लिहिलं होतं, "आता अंतर उरलेलं नाही." त्याखाली माझीच सही आहे.

२ जुलैला म्यानमारमध्ये हपाकांतच्या जेड खाणीत पावसानं ढिगारा पाण्यानं भरलेल्या खड्ड्यात कोसळला, चिखलाची लाट उठली आणि १७० हून अधिक माणसं गेली. आम्ही त्यावर उपग्रहाचे फोटो लावून दोन तास बोललो. छान झालं होतं व्याख्यान. ते इथं मुद्दाम सांगतोय.

आता १ ऑगस्ट. शनिवार. विषय होता संगणकावर उताराचं मॉडेल कसं बांधायचं. शाहूवाडीकडच्या सड्यावरच्या, म्हणजे जांभ्याच्या पठारावरच्या, एका खाणीतला मेट, यादीत त्याचं नाव 'रेडमी' एवढंच दिसायचं, दोनदा आत आला आणि रेंज गेली म्हणून दोनदा बाहेर पडला. मग त्यानं ग्रुपवर एक फोटो टाकला. बेंचच्या, म्हणजे खाणीच्या भिंतीत कापलेल्या पायरीच्या, माथ्यावरची भेग. शेजारी प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली काडेपेटी. फोटोत मापाला काहीतरी ठेवायचं, हे त्याला मीच जूनमध्ये शिकवलेलं. काडेपेटी आडवी ठेवली तर भेग तिच्या जाडीएवढी भरत होती. खाली आवाजाचा मेसेज, मागं पत्र्यावर पाऊस वाजतोय: "सर, ह्ये बघा की जरा. काल एवढी नव्हती."

त्याच मिनिटाला व्याख्यान संपलं आणि ई-सर्टिफिकेटं सुटली. त्यानंतर नमस्काराचे हात. 'धन्यवाद सर', 'अप्रतिम', 'ज्ञानात भर पडली'. रात्री दहाला मी मोबाइल उघडला तेव्हा ती भेग साठ-सत्तर धन्यवादांच्या खाली गाडली गेली होती.

मी उत्तर दिलं. दुर्लक्ष केलं नाही, हे लक्षात घ्या. लिहिलं: भेगेच्या दोन्ही बाजूंना खुंट्या ठोका. टेपनं सकाळ-संध्याकाळ अंतर मोजा. वरचं पाणी आत जाऊ देऊ नका, चर काढून बाजूला वळवा. आजही कुणाला दाखवलं तर बरोबरच म्हणतील.

पुढची ओळही टाइप केली होती, "तोवर बेंचखाली माणूस सोडू नका." ती पुसली.

का पुसली? ग्रुपवर दोन खाणमालक होते, त्या खाणीचा मॅनेजरही होता. माणसं हटवायची की नाही हे मॅनेजरनं ठरवायचं, बाहेरच्या माणसानं सर्वांदेखत नाही. आणि दोन वर्षांपूर्वी एका क्रशरवाल्याला मी हेच लेखी दिलं होतं, तेव्हापासून त्याचं काम मला मिळालेलं नाही. खाणीच्या काठावर उभं राहून, चहाचा कप हातात असताना, मेटाच्या कानात "दोन दिवस पोरांना खाली पाठवू नकोस रे" म्हणता येतं. ते कुठं नोंद होत नाही. ग्रुपवर लिहिलेलं कायम राहतं.

आणखी एक. आमचा जांभा फसवा. नियम सांगतो, कठीण जमिनीत बेंच सहा मीटरपर्यंत, आणि माती-मुरुमात दीड मीटर. वरून जांभ्याची टोपी दगडासारखी, म्हणून सगळे सहाच्या हिशेबानं चालतात. पण तिच्याखाली चिकण माती असते. जांभ्याच्या भोकांतून पाणी उतरतं, त्या मातीवर साठतं, माती निसटते आणि वरची टोपी पुढं कलते. हातोडा मारला की कळतं. वर खणखणीत वाजतो, खाली बद्द. फोटोला आवाज नसतो.

मंगळवारी दुसरा फोटो आला. आता काडेपेटी भेगेत पडली होती, नुसता पिशवीचा कोपरा दिसत होता. त्या आठवड्यात पंचगंगा चढत होती आणि अख्खं शहर राजाराम बंधाऱ्याचा आकडा बघत होतं. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. मीही तेच बघत होतो. फोटो पाहिला. सकाळी मॅनेजरला फोन करू म्हटलं.

बुधवारी पहाटे बेंच खाली आली. पावसाळ्यात उत्खनन बंद होतं, पण तळातलं पाणी उपसायला पंप चालू होता आणि पंपावर एक पोरगा होता. वाचला. उजव्या पायाचे दोन तुकडे झाले. दवाखान्यात नेताना रस्त्यात एका गावानं कोविडच्या भीतीनं वेशीवर बाभळीच्या फांद्या टाकल्या होत्या, त्या काढण्यात अर्धा तास गेला.

तुम्ही म्हणाल, जाता येत नव्हतं, कोविड होता, यात तुमचा काय दोष? मीही तेच म्हणायचो. घरात दम्याची आई आहे, म्हणायचो. पण त्याच रविवारी मी बापट कॅम्पात जाऊन गणपतीची मूर्ती सांगून आलो होतो. मास्क लावून, आरामात. कोल्हापुरातून शाहूवाडी काही पर्थ नाही.

मग दोष ऑनलाइनचा की माझा? पुढच्या मार्चमध्ये मी कार्यकारिणीत ठणकावून सांगितलं, सभा फक्त समोरासमोर, आणि तिमाहीत एकदा खाणीवर. एका ज्येष्ठ सदस्यानं विचारलं, "पुसलेली ओळ झूमनं पुसली काय?" मी चिडलो. अजूनही त्यांच्याशी नीट बोलत नाही. पण ते म्हणतात त्यात तथ्य नाही असं मला छातीठोकपणे सांगता येत नाही. लॉकडाऊनच्या आधी मी काठावर उभा राहिलो तेव्हा दर वेळी कानात सांगितलंच होतं का? एक-दोनदा तरी नुसता चहा पिऊन परतलोय.

आणि ते पर्थ, चंदगडचा फोरमन, आजऱ्याचा ब्लास्टर? गेले. पुन्हा वीस डोकी आणि वडे.

गेल्या महिन्यात त्या मेटाचा फोन आला. पोरगा आता वजनकाट्यावर बसतो, थोडा लंगडतो, लग्न ठरलंय, या म्हणाला. मी येतो म्हणालो. मग तो थांबला आणि म्हणाला, "सर, त्ये शनवारचं मोबाइलवरचं परत चालू करा की. तुमच्या सभेला कोल्हापूरला यायचं म्हंजे आमचा खाडा पडतोय."

बघू, म्हणालो.