आमची वाटचाल : एमसीबीपासून सर्व्हरच्या प्लगपर्यंत

रत्नागिरी ते चिपळूण पट्ट्यातल्या पतसंस्था, लोटे औद्योगिक वसाहतीतले कारखाने आणि मासळीची शीतगृहं यांच्या सर्व्हर रूमची वीज आम्ही सांभाळतो. बहुतेक ठिकाणी दोन ते सहा रॅक (सर्व्हर बसवायच्या उभ्या चौकटी) असतात. सुरुवात यूपीएस (वीज गेल्यावर बॅटरीवर चालणारा पुरवठा) आणि डीबी (वीजवाटपाची पेटी) बसवण्यापासून झाली. आज निम्मं काम वीज कुठून निघून कुठे पोचते याचं मॉडेल बनवून देण्याचं आहे. ग्राहकाचा प्रश्न पहिल्या दिवसापासून एकच आहे: ही एमसीबी (डीबीतला, भार वाढला की आपोआप पडणारा स्विच) पडली तर काय काय बंद होईल?

आधी याचं उत्तर एक्सेलमध्ये ठेवत होतो. एका ओळीत एक सर्व्हर, पुढे डीबी आणि एमसीबीचा क्रमांक. पण सर्व्हरला दोन पॉवर सप्लाय, प्रत्येकाची केबल वेगळ्या पीडीयूला (रॅकमधल्या प्लगच्या पट्टीला) आणि ते पीडीयू वेगळ्या यूपीएसला. ही साखळी एका ओळीत बसत नाही. कुणी प्लग हलवला की तक्ता खोटा ठरतो आणि ते कळतही नाही. डिजिटलओशन या क्लाउड कंपनीने २०१६ मध्ये नेटबॉक्स हे सर्व्हर रूममधल्या वस्तू आणि जोडण्यांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर सर्वांसाठी खुलं केलं. २०१९ च्या २.६ आवृत्तीत पॉवर पॅनेल आणि पॉवर फीड आले, तेव्हा आमच्या कामाला हवी ती साखळी त्यात मांडता येऊ लागली.

रचना सरळ आहे. डीबी म्हणजे पॅनेल. एमसीबीतून रॅककडे जाणारी लाइन म्हणजे फीड. फीड पीडीयूच्या पॉवर पोर्टला जोडायचा, पीडीयूचे आउटलेट त्याच पोर्टला बांधायचे आणि आउटलेटमधून केबल सर्व्हरच्या पहिल्या किंवा दुसऱ्या पॉवर सप्लायला (पीएसयू१, पीएसयू२) न्यायची. उभा पीडीयू रॅकमध्ये जागा घेत नाही, म्हणून त्याची उंची शून्य यू (यू म्हणजे रॅकमधल्या उंचीचं माप) ठेवायची आणि रॅक निवडून स्थान रिकामं सोडायचं.

चुका होतात त्या आकड्यांत. नवा फीड उघडला की व्होल्टेज १२० आणि अँपिअर १५ आधीच भरलेले असतात. ते तसेच राहिले तर फीडची क्षमता फक्त १,४४० वॅट दिसते. आपल्याकडे सिंगल फेजला २३० व्होल्ट आणि ३२ अँपिअरची एमसीबी असेल तर २३० × ३२ × ०.८ (८० टक्के कमाल वापर) म्हणजे ५,८८८ वॅट. हे मूळ आकडे कॉन्फिगरेशनमध्ये एकदाच बदलून टाकावेत. थ्री फेजला सॉफ्टवेअर स्वतः १.७३२ ने गुणतं, त्यामुळे तिथे फेज-टू-फेज व्होल्टेज, म्हणजे ४००, भरायचं. सवयीने २३० भरलं तर ३२ अँपिअरचा फीड १७,७३६ ऐवजी १०,१९८ वॅटचा दिसतो आणि ग्राहक नसलेल्या अडचणीसाठी नवी लाइन ओढायला निघतो.

०.८ हा कमाल वापराचा ८० टक्के आकडाही डोळे मिटून घेऊ नये. बंदराजवळच्या जुन्या डीबीत तांब्यावर हिरवट थर चढलेला असतो, लग (तारेच्या टोकाचे धातूचे जोड) ढिले झालेले असतात आणि तोच जोड तापतो. अशा ठिकाणी आम्ही ७० भरतो. मे महिन्यात लग बदलून, कल्हई केलेले बसवून, सगळे स्क्रू पुन्हा आवळले की मगच ८०.

दुसरा घोटाळा पीडीयूचा. पीडीयूच्या स्वतःच्या पोर्टवर कमाल किंवा नेमून दिलेला भार लिहिला, तर सॉफ्टवेअर तोच आकडा धरतं आणि खालच्या सर्व्हरची बेरीज करत नाही. दोन्ही रकाने रिकामे ठेवले तरच बेरीज वर जाते. आउटलेट पोर्टला बांधायचा राहिला तर त्या सर्व्हरचा भारही हिशेबातून गळतो. ‘सर्व्हर दहा आणि भार शून्य’ असं दिसलं की आधी या दोन जागा पाहाव्यात.

सर्व्हरचा भार कुठून घ्यायचा? पॉवर सप्लायवर ७५० वॅट छापलेलं असतं, पण ती त्याची क्षमता आहे, सर्व्हरचा रोजचा वापर नव्हे. आम्ही सर्व्हरच्या मॅनेजमेंट कार्डवरचं वाचन घेतो. पतसंस्थेत दिवसअखेरीचं काम चालू असताना आणि शीतगृहात माल भरण्याच्या काळात घेतो, म्हणजे खरा उच्चांक मिळतो. तो ४०० वॅट आला तर दोन्ही पोर्टवर नेमून दिलेला भार २००-२०० आणि कमाल भार ४००-४०० लिहितो, कारण एक बाजू गेली की दुसऱ्या पॉवर सप्लायला सगळंच ओढावं लागतं.

सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा याच दुसऱ्या बाजूचा आहे. रॅकला दोन बाजूंनी दोन फीड येतात, ए आणि बी. रॅकच्या पानावरची टक्केवारी या दोन्ही फीडच्या क्षमतेची बेरीज धरून येते. समजा दोन्ही फीड ३२ अँपिअरचे, मिळून ११,७७६ वॅट, आणि रॅकचा भार ८,८०० वॅट. पानावर ७५ टक्के दिसेल, मन निश्चिंत होईल. ए पडला तर बीवर ३८ अँपिअर येतील आणि तीही एमसीबी काही वेळाने पडू शकते. म्हणून दुहेरी वीज असलेल्या रॅकला ५० टक्के हीच आमची लक्ष्मणरेषा. फीडला ‘प्रायमरी’ किंवा ‘रिडंडंट’ हा प्रकार दिल्याने हा हिशेब बदलत नाही.

पॅनेललाही स्वतःची क्षमता भरता येत नाही. ०.८ पॉवर फॅक्टरचा १० केव्हीएचा यूपीएस ८ किलोवॅटच देतो, पण त्याच्यावर ३२ अँपिअरचे चार फीड दाखवले तरी सॉफ्टवेअर अडवत नाही. आम्ही पॅनेलला जास्तीचे रकाने जोडतो: यूपीएसचे किलोवॅट, जनरेटर कोणता, महावितरणचा मीटर कोणता आणि डीबी कितव्या मजल्यावर. हा शेवटचा रकाना चिपळूणसाठी. २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर ए आणि बी दोन्ही डीबी तळमजल्यावर असतील तर आम्ही त्यांना दोन वेगळ्या बाजू मानत नाही.

रॅकमधल्या एटीएसचीही (एक बाजू गेली की भार दुसरीवर वळवणाऱ्या स्विचची) मर्यादा आहे. त्याचे इनपुट दोन असतात, पण मॉडेलमध्ये आउटलेट एकाच पोर्टला बांधता येतो. आम्ही तो पसंतीच्या बाजूला बांधतो आणि टिपणात तसं लिहितो. दुसऱ्या बाजूला तेवढा भार राखून ठेवणं मग हाताने करावं लागतं.

नावांचा गोंधळ थ्री फेजला होतो. वायरमन फेजना आर-वाय-बी (रेड, यलो, ब्लू) म्हणतो, सॉफ्टवेअर फेजना ए-बी-सी म्हणतं आणि फीडही ए आणि बी. ‘बी बंद कर’ या तीन शब्दांचे तीन अर्थ होतात. म्हणून फीडना आम्ही ‘लाल’ आणि ‘निळा’ म्हणतो, केबलही त्याच रंगाच्या घेतो. फेजसाठी पीडीयूवर एल१, एल२, एल३ छापतो. आउटलेट भरताना सर्व्हर तिन्ही फेजवर आळीपाळीने वाटायचे. एकूण बेरीज मर्यादेत असूनही एकट्या एल१ वर भार चढलेला असू शकतो.

हे सगळं भरण्याआधी केबल हाताने शोधावी लागते, त्याला पर्याय नाही. रिकाम्या आउटलेटला १,००० वॅटची इस्त्री लावायची आणि डीबीत क्लॅम्प मीटरने (तारेभोवती अडकवून प्रवाह मोजणाऱ्या) कोणत्या तारेवर चार-साडेचार अँपिअर वाढले ते पाहायचं. यूपीएस आधीच भरत आलेला असेल तर इस्त्री लावू नये. तिथे एकेक तार ओढून, ट्रेमधून मागोवा घेत जावं. सापडलेल्या केबलच्या दोन्ही टोकांना हीट श्रिंक (तापवल्यावर आवळणाऱ्या) नळीवर छापलेला क्रमांक बसवतो. कागदी स्टिकर इथल्या दमट हवेत गणपतीपर्यंत गळून पडतात.

मॉडेल पूर्ण झालं की रविवारी लाल बाजू प्रत्यक्ष बंद करतो. त्याआधी बंद होणाऱ्या वस्तूंची यादी नेटबॉक्समधून काढून हातात ठेवतो. यादीत नसलेलं काही बंद झालं तर केबल चुकीची नोंदलेली आहे. यादीतलं काही चालू राहिलं तरीही तेच. बहुधा मॉडेम, फायरवॉल किंवा जुना स्विच सापडतो, एकाच पॉवर सप्लायचा आणि घाईत जवळच्या प्लगला लावलेला. मग हीच तपासणी निळ्या बाजूची.

नेटबॉक्स त्याच सर्व्हर रूममध्ये चालत असेल तर वीज गेल्यावर ते उघडणार नाही. म्हणून प्रत्येक डीबीच्या दारात आतून लॅमिनेट केलेला तक्ता असतो: एमसीबी, फीड, रॅक आणि छपाईची तारीख. मॉडेलमध्ये बदल झाला की जुना तक्ता काढून नवा लावल्याशिवाय आमचं काम बिलात धरलं जात नाही.

सध्या टेलिकॉमचे डीसी रॅक याच पद्धतीत आणतो आहोत. तिथे पुरवठा डीसी निवडून व्होल्टेज उणे ४८ भरायचं. ६३ अँपिअरच्या फीडला २,४१९ वॅट मिळतात आणि हिशेब वरच्यासारखाच चालतो.